फटी बुजवायचे दिवस

ऑक्टोबर संपत आला की नोएडातल्या माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीतून समोरचे टॉवर एकेक करून दिसेनासे होतात. आधी मेट्रोच्या पुलापलीकडचे, मग अलीकडचे, आणि एके सकाळी समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचा लाल दिवा तेवढा उरतो. ऑफिसात सगळे मोबाइलवर हवेचा आकडा बघतात आणि क्रिकेटचा स्कोअर दाखवावा तसा एकमेकांना दाखवतात. मी आकडा बघत नाही. मला तो घशात कळतो. जळक्या, किंचित गोडसर धुराची एक चव घशाच्या मागे येऊन बसते आणि पार थंडी सरेपर्यंत हलत नाही.

याच दिवसांत घरात कागदी पिशव्या वाढतात. दिवाळीची खरेदी, मिठाई, बाहेरून मागवलेलं जेवण. फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या जागेत मी त्या घडी करून उभ्या ठेवते. जाड एकीकडे, पातळ एकीकडे, तेलकट झालेल्या कचऱ्यासाठी वेगळ्या. माझी रूममेट विचारते, "यार, तू इनका करती क्या है?" मी म्हणते, "कुछ नहीं, काम आती हैं." खरं उत्तर लांबलचक आहे आणि लांबलचक उत्तरं मला जमत नाहीत.

आमच्या घरी कागदी पिशवी आली की आई तिला आधी उलटी करून झटकायची. मग किटलीच्या वाफेवर तिचा तळ धरायची. वाफेने गोंद सुटला की पिशवीचा एक मोठा कागद व्हायचा. पीळ घातलेले बंद काढून एका डब्यात जायचे. त्यांनी मेथीच्या, कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या. कागद गादीखाली, म्हणजे सकाळपर्यंत इस्त्री. चपलांच्या दुकानातल्या जाड पिशव्या माझ्या पुस्तकांच्या कव्हरांना. शाळेत बाकीच्या मुलींची कव्हरं विकतची, चकचकीत. माझ्या केमिस्ट्रीच्या पुस्तकावर आईने आतली बाजू बाहेर केली होती, तरी उजेडात धरलं की बुटाचं चित्र दिसायचं. मी ते पुस्तक बाकावर कधीच उभं धरलं नाही. औषधाच्या दुकानातल्या पातळ पिशव्यांत कच्चे चिकू पिकायला जायचे. कपड्यांच्या दुकानातल्या कागदांवर ब्लाउजची मापं. कापलेल्या बाह्या आणि गळे कपाटाच्या दारामागे लटकत असायचे, घरात कुणी कागदाची बाई राहत असावी तसे. चकल्या निथळायला कागद, मटार सोलायला कागद, फडताळात भांड्यांखाली कागद.

बाबा म्हणायचे, "एक दिवस ही मलाही कागदात गुंडाळून ऑफिसला पाठवेल."

"तुमच्या मापाची पिशवी कुठे मिळतेय अजून," आई म्हणायची.

बाबांचं ऑफिस कस्तुरबा गांधी मार्गावर होतं आणि आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो, तळमजल्यावर. लोखंडी चौकटींच्या खिडक्या, आणि चौकट आणि भिंत यांच्यामध्ये बोट जाईल एवढ्या फटी. उन्हाळ्यात त्यांतून धूळ यायची, जानेवारीत गारठा. मी बारावीत गेले त्या वर्षी धूर यायला लागला. आधीही येत असणार. त्या वर्षी आईला तो सोसेना.

तिचा दमा जुना होता. पण त्या ऑक्टोबरात तो घरातलं आणखी एक माणूस झाला. तो झोपला आहे की उठला आहे हे बघून आम्ही हळू किंवा जोरात बोलायचो. मी आतल्या खोलीत अभ्यासाला बसायचे आणि भिंतीपलीकडे आईचा श्वास चालू असायचा, बारीक शिट्टीसारखा. हात गणितात आणि कान भिंतीला. शिट्टी एका पट्टीत असली की ठीक. वर चढली की बाबांच्या चपला वाजायच्या, मग नेब्युलायझरची घरघर, मग थोडी शांतता. त्या शांततेत मी पुढचं गणित घ्यायचे.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं. "देखिए, दवाई मैं बढ़ाता जाऊँगा, पर ये हवा इनके लिए नहीं है. होली तक कहीं बाहर भेज दीजिए." चिपळूणहून मामाचा रोज फोन यायचा. आई त्याला दादा म्हणते, म्हणून मी दादामामा. तो म्हणायचा, "तिकडे कसली वाट बघताय? इकडे अंगणात बसलं तरी बरं वाटेल हिला."

आणि आईचं एकच उत्तर. "हिची बारावी आहे. मी कुठे जाऊ?"

प्रश्न तेवढाच होता, पण तो घरभर पसरला होता. राहिली तर तिच्या छातीचं काय होणार, हे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. गेली तर माझं काय, हे आई रोज मोठ्याने बोलायची. बाबा "बघू" म्हणायचे. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं कोण जाणे, कारण तिने जावं असं मला जितकं वाटायचं तितकंच तिने जाऊ नये असंही. मग मी पुस्तकात डोकं घालायचे. लोक त्याला अभ्यासू म्हणायचे.

कागदाची कल्पना आईचीच. एका दुपारी शाळेतून आले तर गादी उचललेली, खालचे सगळे कागद जमिनीवर पसरलेले आणि गॅसवर मैद्याची खळ शिजत होती.

"मनू, दप्तर ठेव आणि खळ ढवळ. गुठळी झाली तर बघ."

"काय करतेयस?"

"हवा बाहेर ठेवतेय," ती म्हणाली, आणि बोलता बोलता मध्ये श्वास घेतला. "हवा बाहेर, मी आत. मग कशाला जायचं कुठे?"

आम्ही पट्ट्या कापल्या. फटीत आधी चुरगळलेला कागद कोंबायचा, मग वरून खळ लावलेली पट्टी, तिच्यावर दुसरी, मग ओल्या फडक्याने दाबत दाबत बुडबुडे काढायचे. आई फडकं फिरवायची तेव्हा तिची बोटं शिवणावर फिरतात तशी फिरायची. बाबा संध्याकाळी आले, बूट न काढता उभे राहिले आणि म्हणाले, "अहो सरकार, यांनी तर क्वार्टर सील केलं." मग बाह्या सरसावून स्टुलावर चढले. बाबांच्या ऑफिसात हवा शुद्ध करायचं यंत्र होतं, पण ते साहेबांच्या खोलीत. बाबांना ते फाइल द्यायला गेल्यावर मिळायचं. त्या संध्याकाळी त्यांनी ज्या जोराने कागद दाबले त्यात ते यंत्रही असावं.

बैठकीच्या खिडकीवर एका साडीच्या दुकानाचं अर्धं नाव आलं, तेही उलटं. स्वयंपाकघरात बेकरीची गव्हाची ओंबी. शेजारच्या बत्रा आंटी वाटी परत द्यायला आल्या आणि दारातच हसायला लागल्या.

"सुलभा, ये घर है कि पार्सल? इतना पैक मत कर, कूरियर वाला उठा के ले जाएगा!"

"ले जाने दो," आई म्हणाली. "पता चिपलूण का लिख देना."

सगळे हसले. बाबा थोडे उशिरा हसले.

आणि कागदाने काम केलं. हे मला नेहमी आठवतं, कारण नंतरच्या गोष्टीमुळे ते विसरायला होतं. घरातला उजेड चहासारखा झाला, पडद्यांना खळीचा वास लागला, पण आईची शिट्टी खाली आली. नेब्युलायझर सकाळचा बंद झाला. ती स्वयंपाकघरात उभी राहून पुरणपोळीबद्दल बोलायला लागली. बाबांनी दादामामाला फोनवर सांगितलं, "सुधारतंय. आम्ही जरा व्यवस्था केलीय." मामाने विचारलं, कसली व्यवस्था? बाबा म्हणाले, "आहे, घरगुती." त्यांच्या आवाजात अभिमान होता. आई जिंकत होती, आणि मी धडाधड प्रश्नपत्रिका सोडवत होते.

दिवाळीच्या तोंडावर उरलेल्या शेवटच्या जाड कागदाचं काय करायचं, असा विचार करत आई घरभर फिरली. मग बाथरूममध्ये गेली आणि वर बघितलं. तिथे छताजवळ एक रोशनदान होतं, वीतभर रुंदीचं, मागच्या गल्लीत उघडणारं.

"इथूनच येतो मेला," ती म्हणाली. "आंघोळीला गेलं की खोकला येतो, तो का? हे बघा."

बाबांनी स्टूल धरलं. आईने स्वतः कागद लावला, चारी कडा दाबल्या. आमच्यापैकी कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसणार तरी कसं? आईच्या माहेरी न्हाणीघराला छप्पर अर्धंच होतं, पाणी बाहेर चुलीवर तापायचं, धूर माडांत निघून जायचा. दिल्लीत बंद खोलीत शेगडी ठेवू नये हे आम्ही ऐकून होतो. शेगडी म्हणजे विस्तव. पण भिंतीवरचा पांढरा गॅस गीझर म्हणजे गरम पाणी, एवढंच आमच्या डोक्यात होतं.

आता मी भाड्याचं घर बघायला जाते तेव्हा ब्रोकर मॉड्युलर किचन दाखवत असतो आणि मी बाथरूममध्ये मान वर करून उभी असते. "मैडम, सीलन नहीं है, बिल्कुल नहीं," तो म्हणतो. मी मान हलवते. मी ओल शोधत नसते.

दिल्लीत नरक चतुर्दशीला छोटी दिवाळी म्हणतात आणि उशिरापर्यंत झोपतात. आमच्या अख्ख्या ब्लॉकमध्ये उजाडायच्या आत दिवा लागायचा तो आमच्याच घरी. आई तेल कोमट करायची, उटणं भिजवायची, पाटाभोवती रांगोळी काढायची. कारीट दिल्लीत मिळत नाही; म्हणून आई मंडईतून सगळ्यात लहान टिंडा निवडून आणायची आणि आम्ही तो डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचो. नरकासुराला फरक कळत नाही, असं तिचं म्हणणं. त्या पहाटे ती हे सगळं न थांबता करत होती, मध्ये कुठेही भिंतीला टेकली नाही. माझ्या डोक्यावर तेल थापताना म्हणाली, "बघ. आहे की नाही मी? उगीच पाठवत होते."

आधी बाबांनी आंघोळ केली. बाहेर आले ते कपाळ दाबत. "डोकं जड झालंय."

"तेल मुरलं नाही अजून," आई म्हणाली.

मग मी. गीझर चालूच होता. अभ्यंगस्नानाला पाणी कडकडीत हवं, मध्ये बंद करून चालत नाही. वाफ इतकी होती की साबण दिसत नव्हता. बाहेर आले तेव्हा गुडघ्यांत बळ नव्हतं आणि कानात काहीतरी गुणगुणत होतं. आई म्हणाली, "उपाशी पोटी होतं असं. बस जरा." मग तिने पदर खोचला, उटण्याची वाटी घेतली आणि आत जाऊन कडी लावली.

मी बैठकीत पणत्यांत तेल घालत बसले. बाबा सोफ्यावर डोळे मिटून. आतून पाण्याचा आवाज येत होता. माझे कान सवयीने तिकडेच होते, आणि मी वाट बघत होते ती खोकल्याची. तो आला नाही. मला वाटलं, कागदाने किती छान काम केलंय, आज एकदाही नाही. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की पाण्याचा आवाज तुटत नाहीये. माणूस तांब्याने अंगावर पाणी घेतं तेव्हा आवाज तुटतो, पुन्हा येतो. हा एकसारखा येत होता, बादली भरून वाहत असावी तसा.

"बाबा," मी म्हटलं.

ते उठले. "अगं, उजाडेल आता. झालं का?"

पाणी.

"अगं..." त्यांनी दार वाजवलं. मग दोन्ही हातांनी वाजवलं. आणि मग, "सुलभा!" माझ्यासमोर त्यांनी तिला नावाने कधी हाक मारली नव्हती. ते ऐकून मला जे कळलं ते दारामुळे कळलं नव्हतं.

कडी जुनी होती, खांद्याने निघाली. आई पाटावरच होती, भिंतीला कलंडलेली, गाल लालबुंद, डोळे अर्धे उघडे. बाबांनी पडलेल्या चादरीत तिला गुंडाळून आतल्या पलंगावर आणलं. त्यांना दमाच सुचला. त्या घरात दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. नेब्युलायझरची वायर उलगडत ते ओरडले, "मनू, दार लाव! बाहेरची हवा येईल!"

मी दाराकडे धावले. दारात बत्रा आंटी होत्या, गाऊनवर शाल, आवाज ऐकून आलेल्या. त्यांनी मला बाजूला केलं, पलंगाकडे पाहिलं, बाथरूममधून येणारी वाफ पाहिली, आत डोकावून वर पाहिलं.

"गीज़र गैस का है ना? और ऊपर कागज़ किसने लगाया? हाय रब्बा! बाहर निकालो इसको. बाहर!"

"बाहर स्मॉग है, भाभीजी, इनको दमा..."

"स्मॉग को मारो गोली, भाईसाहब! पैर पकड़ो!"

बाबांनी खांदे धरले, आंटींनी पाय. मी दार धरून ठेवलं, सताड उघडं. अंगणात आदल्या रात्रीच्या फटाक्यांचा धूर इतका दाट होता की गेटही दिसत नव्हतं. ज्या हवेची एक पट्टीसुद्धा आत येऊ नये म्हणून आम्ही इतके दिवस धडपडलो, तिच्यातच तिला पायरीवर बसवलं. आंटी तिच्या गालावर चापट्या मारत होत्या, "ओए सुलभा, आँख खोल, आँख खोल." बाबा कोरड्या ओठांनी काहीतरी पुटपुटत होते. मी दाराची चौकट सोडली नाही. सोडली तर दार लागेल असं मला वाटत होतं.

मग आईने ती हवा ओढून घेतली. एक मोठा, घाणेरडा, धुराचा श्वास. आणि खोकली. पोटातून, वाकून, शिट्टी वाजवत. मी कुणाचा खोकला इतक्या आनंदाने कधीच ऐकलेला नाही.

तिला हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला. बरी झाली. गीझरचा विषारी वायू बंद बाथरूममध्ये कोंडला होता, असं सांगून तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं की आंघोळीला इतका वेळ गीझर का चालू होता. बाबांनी अभ्यंगस्नान हिंदीत समजावून सांगायचा प्रयत्न केला. नरकासुरापर्यंत आले आणि अडकले. फराळाचे डबे तसेच राहिले. लक्ष्मीपूजन आंटींनीच दोन पणत्या लावून केलं.

आई घरी आली तेव्हा बाबांनी सगळ्या खिडक्यांचे कागद ओरबाडून काढले होते. खळ पक्की बसली होती, त्यामुळे चौकटींवर तपकिरी तुकडे राहिले, दारावर जुन्या पत्रकांचे राहतात तसे. धूर पुन्हा आपल्या वाटांनी आत यायला लागला. संध्याकाळी आम्ही तिघं बैठकीत बसलो आणि आईची शिट्टी परत वर चढलेली होती.

बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "दादाला बोलावतो. कोट्यातून तिकिटाचं बघतो."

"हिची बारावी," आई म्हणाली. पण तिच्या आवाजात आधीचा जोर नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच ती मला विचारत होती.

मी चौकटीवरच्या तुकड्यांकडे बघत होते. आतमध्ये खूप काही होतं, आणि ते सगळं एकदम बाहेर आलं तर मी रडेन हे मला ठाऊक होतं. म्हणून मी त्यातले दोनच शब्द बाहेर सोडले.

"तू जा."

"तुला चालेल?"

"हो."

"डबा?"

"बाबा देतील."

"त्यांना पोळ्या येतात?"

"परोठे येतात," बाबा म्हणाले. "जाड. पण येतात."

ती हसली नाही. माझ्या चेहऱ्यावर काही सापडतंय का ते बघत राहिली. तिला काय सापडलं मला माहीत नाही. मला राग आला नव्हता आणि मी थोर वगैरेही झाले नव्हते. तिला घरात ठेवण्यासाठी आम्ही तिघांनी जे जे केलं होतं त्याच्या टोकाला मला ती पाटावर कलंडलेली दिसत होती. त्यानंतर "जा" म्हणणं सोपं होतं असं नाही. दुसरं काही म्हणणं शक्य नव्हतं, इतकंच.

दादामामा भाऊबीजेला आला. दरवर्षी आई त्याला फोनवरून ओवाळायची, त्या वर्षी समोर बसवून ओवाळलं आणि त्याच रात्रीच्या गाडीने त्याच्याबरोबर निघाली. निजामुद्दीन स्टेशनवर ती खिडकीतून सूचना देत होती. दूध, गॅस बंद, प्रवेशपत्र. मी प्रत्येकीला हो म्हणत होते. गाडी हलली तेव्हा ती अजून बोलत होती आणि काचेमुळे काहीच ऐकू येत नव्हतं.

आता आई-बाबा दोघंही तिकडेच असतात. बाबा निवृत्त झाले, चिपळूणच्या घराच्या अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचतात. थंडीत मी तिकडे जाते, ती इकडे येत नाही, असा आमचा न बोलता झालेला करार आहे. ऑफिसातल्या मुली म्हणतात, दिवाळीला आईला बोलाव ना. मी अच्छा म्हणते.

पण मला ती चिपळूणला पोचली ती संध्याकाळ आठवते. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते. भिंतीपलीकडे कुणीच नव्हतं, आणि मला एकही गणित सुटत नव्हतं. फोन वाजला.

"पोचलो," आई म्हणाली. "दुपारीच आलो. जेवलीस?"

"हो."

"परोठे?"

"हो."

ती अंगणात असावी, मागे कुठेतरी कुत्रं भुंकलं. मी फोन कानावर घट्ट दाबला आणि तिच्या श्वासाचा आवाज शोधायला लागले. शिट्टी नव्हती. घरघर नव्हती. काहीच नव्हतं.

"आई? आहेस ना?"

"आहे की गं," ती म्हणाली. "का? काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "काहीच ऐकू येत नाहीये तुझं."